सापडलंच नाही, मग पीएचडी कशाची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. लग्नात, खानापूरच्या बसमध्ये, कॅम्पातल्या चहाच्या टपरीवर, सगळीकडं तेच: ती छोटी ब्लॅक होल सापडलीच नाहीत तर तुला डॉक्टर कशाबद्दल केलं? ती म्हणजे एलएचसीत, जिनिव्हाजवळच्या प्रोटॉनवर प्रोटॉन आदळायच्या मोठ्या यंत्रात, मी शोधत होतो ती. ती पृथ्वी गिळतील ही भीती तर मी सोडूनच देतो, 2008 पासून सांगून दमलोय, त्याहून जोरदार कॉस्मिक रे, म्हणजे अवकाशातून येणारे कण, वातावरणावर कायम आपटतायत आणि आपण आहोत की.

1998 ला अर्कानी-हमेद, दिमोपोलोस आणि द्वाली हे भौतिकशास्त्रज्ञ म्हणाले, गुरुत्वाकर्षण मुळात दुबळं नसेलच, लांबी-रुंदी-उंचीपलीकडच्या जास्तीच्या मितींत पसरत असेल. एकच जास्त धरली तर ग्रहांचं गणितच कोलमडतं, पण दोन धरल्या तर आकार मिलिमीटरच्या आसपास, आणि तेवढ्या अंतरावर गुरुत्व तोवर कुणी नीट मोजलंच नव्हतं! मी पागल झालो. म्हणजे अगदी जवळ गुरुत्व जोरदार, आणि काही टीईव्हीला (टीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं माप) प्रोटॉन आदळून ब्लॅक होल होईल, हॉकिंग रेडिएशननं, म्हणजे स्वतःच ऊर्जा बाहेर टाकत, लगेच फुटेल, ढीगभर कण एकदम.

डिसेंबर 2010. सुट्टीला घरी आलेलो, शहापुरात नेट कॅफेत एलएचसीवरच्या सीएमएस या प्रयोगाचा पेपर उघडला. ठिपके बॅकग्राउंडच्या, म्हणजे नेहमीच्या टकरींच्या, रेषेवर शिस्तीत बसलेले, उजवीकडं माझा फुगवटा यायला हवा तिथं काही नाही. या मॉडेलमधली 3.5 ते 4.5 टीईव्हीपर्यंतच्या वस्तुमानाची ब्लॅक होल बाद. प्रिंट घेऊन थेट खडेबाजारात बाबांच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. ते डबे पुसत होते. "नाही सापडलं," म्हटलं. त्यांनी कागद उजेडात धरला, ठिपक्यांवर बोट ठेवलं, "एवढी टिंबं आहेत की रे." तेवढ्यात वडगावचे मामा आले, पोराचं कुठवर आलं म्हणून विचारलं. बाबा सहज म्हणाले, "यंत्र बिघडलंय हो, दुरुस्त करायलेत."

2008 ला बिघडलं होतं खरं, हीलियम गळालेला. पण 2010 ला ठणठणीत होतं! आणि मी गप्प उभा, हातात कागद, इतका राग आला की काय सांगू, बाबांचा की कुणाचा ते अजून कळलेलं नाही.

आता मी फाडफाड सांगतो, नाही हेसुद्धा उत्तर असतं, कुठवर नाही ते ठरवायलाच मशीन लागतं. मग तेव्हा मामांना का नाही सांगितलंस, असं तेव्हाचा मीच विचारतो. निगेटिव्ह रिझल्टची थोरवी हरल्यावरच सुचते, असंही वाटतं कधीकधी. तरी डिग्री फुकट नाही मिळालेली, हे लिहून ठेवा. पुढं 13 टीईव्हीच्या टकरींतही काही आलं नाही, त्यानं मिती नाहीतच असं ठरत नाही, आणखी बारीक असतील, किंवा नसतीलही.

मामांनी परवा यंत्राचं विचारलं. म्हटलं, कधीच दुरुस्त झालं. "मग सापडलं काय?"