परळचा भूकंपमापक, अकरावा आठवडा: डहाणूचा धक्का सापडला!

मंडळी, मिळाला! परवा पहाटे तीनच्या सुमारास डहाणू-तलासरी पट्ट्यात छोटा धक्का बसला आणि आमच्या परळच्या तळमजल्यावर तो स्वच्छ उमटला. सकाळी चहा घेताना रात्रीचा आलेख उघडला, तर शांत रेषेत आधी बारीक थरथर आणि मग तिच्या तिप्पट उंचीचा जोरदार हेलकावा. दोन्हींच्या सुरुवातींत १४ सेकंद. पाच वेळा मोजले, तरी १४च.

या १४ सेकंदांसाठीच तर सगळा खटाटोप. भूगर्भात ताण साठत जातो, खडक भेगेवरून एकदम सरकतो आणि तिथून दोन तऱ्हेच्या लहरी एकाच क्षणी निघतात. पी लहर खडकाला दाबत-ताणत सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते. एस लहर त्याला आडवा हलवत साडेतीनने. त्यामुळे दर सेकंदाच्या फरकामागे साडेआठ किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. १४ सेकंदांचे झाले १२० किलोमीटर. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीत वेळ जुळली, नकाशावर पट्टी ठेवली तर अंतरही जुळलं. हात थरथरत होते माझे.

आता, आधीचे दहा आठवडे काय चुकत होतं? जिओफोन म्हणजे जमिनीची थरथर टिपणारा यंत्राचा भाग. त्यात स्प्रिंगला टांगलेली कॉइल आणि डब्याला घट्ट बसवलेलं लोहचुंबक असतं. जमीन हलली की चुंबक हलतं, कॉइल मागे राहते, आणि तेवढ्यानं वीज निर्माण होते. मी तो लाकडी फळीवर ठेवला होता. फळी स्वतःच थरथरायची. लोकल गेली की आलेख काळाकुट्ट, शेजारच्या काकूंचा खलबत्ता सुरू झाला की ठोक्यागणिक काटा. आता लादी काढून खालच्या कोब्यावर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली, जिओफोन तिच्यावर स्क्रूनं आवळला, वर जाड झाकण घातलं. फिल्टर २ ते ८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २ ते ८ हेलकाव्यांचीच थरथर आलेखात राहते. लोकलची थरथर बरीचशी त्याच्या वरच राहते. तरी खरी शांतता शेवटची लोकल गेल्यावर पहिली सुटेपर्यंतच.

शहराचा हा त्रास जुनाच. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या विजेनं चुंबकीय मोजमाप बिघडलं असतं.

बाबांना आलेख दाखवला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा धक्का बसला तेव्हा ते लालबागच्या चाळीत होते. फडताळातली पितळी भांडी खणखणली, एवढं त्यांना आठवतं. तो ६.३ रिश्टरचा, हा ३.३ चा. तीन अंकांचा फरक म्हणजे लहरींची उंची हजारपट आणि ऊर्जा तिसेक हजारपट! कोयनेत धरणाचं पाणी भेगांत मुरून त्यांच्यातलं घर्षण कमी होतं, असं शास्त्रज्ञ मानतात. डहाणू-तलासरी ज्यात येतं त्या पालघर जिल्ह्यात २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. तिथल्या लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या, हे ३.३ आकडा वाचताना विसरवत नाही.

एका यंत्रावरून फक्त वर्तुळ काढता येतं, दिशा पक्की होत नाही. केंद्र ठरवायला निदान तीन ठिकाणं हवीत. नाशिक किंवा पुण्यात कोणाकडे तळमजला आणि मोकळा कोबा असेल, तर कळवा. दुसरा जिओफोन माझ्याकडे आहे, तो पाठवतो. इथे मी आता जमिनीची आडवी हालचाल टिपणारा जिओफोन जोडणार आहे, एस लहर त्यावर जास्त ठळक येते.