एक वर्ष जर्मन आजी-आजोबांच्या सोबतीला

जर्मनीत शाळा संपली की लगेच कॉलेजला न जाता वर्षभर वृद्धाश्रमात, बालवाडीत किंवा दिव्यांगांच्या संस्थेत काम करणारी मुलंमुली खूप असतात. या स्वयंसेवी सामाजिक वर्षाला तिकडे सगळे ‘एफएसजे’ म्हणतात. त्याचा पहिला कायदा १९६४चा. सत्तावीस वर्षांखालच्या परदेशी तरुणांनाही त्यात घेतात. बीए झाल्यावर मी अर्ज केला आणि श्टुटगार्टजवळच्या एका गावात, तिथल्या वृद्धाश्रमात वर्षभर राहिले.

मला आता जी मुलं फोन करतात ती बहुतेक व्हिसाचंच विचारतात. व्हिसा महत्त्वाचा आहेच, पण कागद नीट असतील तर तो मिळतो. कस लागतो तो तिथे पोहोचल्यावर, आणि त्याबद्दल इकडे फारसं कुणी बोलत नाही.

तरी आधी कागदांचं सांगते. सांगलीत एका एजंटने ‘सगळं करून देतो’ म्हणत लाखांत रक्कम सांगितली होती. बाबा तयारही झाले होते. पण पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत असताना आमच्या बाईंनी सांगितलं की मधे कुणाची गरज नाही, थेट ‘ट्रेगर’ला लिही. ट्रेगर म्हणजे स्वयंसेवकांना घेणारी, त्यांना कामाच्या जागी जोडून देणारी आणि वर्षभर त्यांची जबाबदारी घेणारी संस्था. चर्चच्या, रेड क्रॉसच्या, इतरही बऱ्याच आहेत. मी कित्येकांना मेल टाकल्या. काहींनी उत्तरच दिलं नाही, काहींनी यंदा जागा नाही म्हणून कळवलं. एका संस्थेने व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी भारताबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: एखाद्या म्हाताऱ्या माणसाला संडासला न्यायचं, स्वच्छ करायचं, हे तुला जमेल का? माझ्या आजीचं शेवटचं आजारपण आम्ही घरीच काढलं होतं, ते मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. माझी निवड त्या उत्तरावर झाली असं मला आजही वाटतं. अर्जासोबतचं पत्र लिहिताना ‘मला जर्मन संस्कृती जाणून घ्यायची आहे’ असं प्रत्येक जण लिहितो. त्यापेक्षा घरात कुणाची सेवा केली असेल, गणपती मंडळात पंगती वाढल्या असतील, तर ते लिहा.

करार हातात आला की व्हिसाचं बरंचसं काम झालं म्हणायचं. राहायची खोली, जेवण, महिन्याचे खिशाला पैसे हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि विम्याचे हप्तेही संस्थाच भरते. मुंबईला जाऊन अर्ज दिला, ७५ युरो फी रुपयांत भरली आणि वाट बघत बसले. तिथे गेल्यावर मात्र क्रम पाळावा लागतो. आधी घरमालकाची सही असलेला कागद घेऊन दोन आठवड्यांच्या आत गावच्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात, पत्त्याची नोंद करायची. ती झाली की कर क्रमांक पोस्टाने घरी येतो. बँकेतही तोच नोंदीचा कागद मागतात. मग व्हिसाची मुदत संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून राहण्याचा परवाना घ्यायचा. तिथली अपॉइंटमेंट पहिल्याच आठवड्यात मागून ठेवा, कारण तारखा लांबच्या मिळतात.

आता कामाचं. सकाळची पाळी साडेसहाला सुरू व्हायची. औषधं आणि इंजेक्शनं परिचारिकांकडे. माझ्याकडे न्याहारी मांडणं, भरवणं, अंथरुणं बदलणं, व्हीलचेअर ढकलणं आणि सोबत बसणं. जर्मनची बी-वन ही मधल्या पातळीची परीक्षा पास होऊन गेले होते, पण तिथल्या आजी-आजोबांची बोली श्वाबिश. त्यात दात काढून ठेवलेले. पहिले काही आठवडे मी रोज रात्री खोलीत रडत होते. हळूहळू लक्षात आलं की कान नाही तर हात आधी शिकतात. कुणाला पावाचा वरचा कडक भाग काढून फक्त मऊ भाग लागतो, कुणाला कॉफी अर्धाच कप द्यायची कारण हात थरथरतो, कुणाला कपडे घालताना डावी बाही आधी. हे एकदा कळलं की माणसं सावकाश बोलायला लागतात, आणि भाषा त्यांच्याकडूनच येते.

दिवाळीत मला काहीतरी गोड करून सगळ्यांना द्यायचं होतं. लाडू करीन म्हटलं तर मुख्य परिचारिका म्हणाल्या, अर्ध्या लोकांना घास गिळायला त्रास होतो, कोरडं काही चालणार नाही. मग शिऱ्याचं सुचलं. स्वयंपाकघरात बाहेरून आणलेलं काही चालत नाही, म्हणून तिथलाच रवा, तिथलंच दूध आणि लोणी. आचारीकाकांनी माझ्याकडून ॲलर्जीचा तक्ता भरून घेतला. युरोपात असे चौदा पदार्थ सांगावेच लागतात. माझ्या शिऱ्यात गहू आणि दूध दोन्ही. काजू वगळले. वेलची मात्र माझ्या बॅगेतली चालवून घेतली. लोण्यात रवा भाजायला लागले तेव्हा काका शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्याकडे रव्याची खीर असते, ग्रीसब्राय, पण रवा न भाजता थेट उकळत्या दुधात टाकतात. शिरा मी मुद्दाम सैल ठेवला.

कोपऱ्यातल्या खोलीतल्या एक आजी एरवी दोन घासांपुढे जात नसत. त्यांनी वाटी संपवली आणि विचारलं, चेरी कुठे आहेत? त्यांची आई ग्रीसब्रायवर चेरी घालायची. मग बोलायला लागल्या. त्या मूळच्या बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या. १९४६ साली तिथल्या जर्मन कुटुंबांना देशाबाहेर काढलं, त्यांत या आठ वर्षांच्या, मालगाडीतून आलेल्या. या गावातल्या शाळेत मुलं त्यांच्या बोलण्याला हसायची. ‘तुलाही हसतात का?’ असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, हसत नाहीत, पण कधीकधी मला समजेपर्यंत थांबतही नाहीत. त्या दिवसापासून त्या माझ्याशी अगदी सावकाश बोलायच्या. माझं जर्मन सुधारलं त्याचं मोठं श्रेय मी त्यांना देते.

फेब्रुवारीत त्या गेल्या. त्यांच्या दारासमोरच्या टेबलावर फोटो आणि मेणबत्ती ठेवली होती. मी आचारीकाकांना सांगितलं आणि त्यांनी त्या दुपारी सगळ्यांसाठी ग्रीसब्राय केला, चेरी घालून.

हिवाळा जड जातो हे खरं आहे. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही. अशा वेळी स्वयंसेवकांसाठीच्या सेमिनारचा आधार होता. वर्षात पंचवीस दिवस ते सक्तीचेच असतात. अठरा-एकोणीस वर्षांची जर्मन मुलं आणि आम्ही काही परदेशी. थकवा, चीड, पहिल्यांदा पाहिलेलं मरण, सगळं तिथे मोकळेपणाने बोललं जातं. आपल्याकडे परिचारिकांना आणि आयाबाईंना अशी जागा कुणी देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्याबरोबरच्या दोघी तिथेच नर्सिंगच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाला लागल्या. पगार मिळतो, निर्णय चांगला आहे. पण केवळ तिकडे जाण्याची शिडी म्हणून हे वर्ष घेणाऱ्यांना म्हाताऱ्या माणसांजवळ रोजचे आठ तास काढणं कठीण जातं. असे दोघेतिघे मधेच सोडून परतलेले मी पाहिले.

मी परत आले. पुण्यात वृद्धांच्या डे-केअर केंद्रात काम करते आहे. अर्ज करणाऱ्यांची पत्रं वाचून देते, पैसे घेत नाही. करारावर सही करण्याआधी ट्रेगरला इतकं विचाराच: खोली कामाच्या जागेपासून किती लांब आहे, रात्री-रविवारी बस मिळते का, आठवड्याला काम किती तास, अडचण आली तर फोन कुणाला करायचा आणि जागा बदलून मिळते का. उत्तर लेखी घ्या. आणि जायच्या आधी भरवायला, कूस बदलायला घरात कुणाजवळ तरी शिकून घ्या.