व्हिलेजमधले विकाऊ घर

न्यूयॉर्कमधल्या घरांच्या जाहिराती मी आवडीने वाचतो, आणि त्या आवडीचा घर घेण्याच्या ऐपतीशी काडीचाही संबंध नाही. सध्या मनात भरले आहे ते मॅनहॅटनमधल्या ग्रीनिच व्हिलेज या जुन्या वस्तीतले एक घर. इमारत १९३१ची, म्हणजे या शहराच्या बोलीत ‘प्रीवॉर’, दुसऱ्या महायुद्धाआधीची. आत शिरताच प्रशस्त फॉयर, नऊ फुटांहून उंच छत, त्याला आडव्या तुळया, माशाच्या काट्यासारखी तिरपी रचलेली ओकची जमीन आणि एक शेकोटी. किंमत दहा लाख डॉलरच्या बरीच पुढे. शेवटी, कवी-चित्रकारांच्या ऐतिहासिक वस्तीत राहण्याचे आमिष आहेच.

या घरांची थोरवी खोटी नाही. त्यांच्या प्लास्टरच्या जाड भिंतींमुळे शेजाऱ्याचे भांडण शेजाऱ्याकडेच राहते, जे युद्धानंतरच्या पातळ भिंतींच्या बुटक्या घरांत सहसा जमत नाही. मात्र वाफेवर तापणाऱ्या रेडिएटरबद्दल जाहिरात मौन पाळते. तो पहाटे खडखडतो, फुसफुसतो आणि भर जानेवारीत खिडकी उघडायला लावतो. याला इतिहास आहे: १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर मोकळ्या हवेचा आग्रह इतका वाढला, की खिडक्या उघड्या ठेवूनही घर उबदार राहील अशा बेताने बॉयलर बसवले गेले. साथ गेली, बॉयलरची ती रीत राहिली.

माझा खरा आक्षेप कवी-चित्रकारांबद्दल आहे. १८११च्या आराखड्याने मॅनहॅटनवर काटकोनांची जाळी पसरली, तेव्हा व्हिलेजच्या वाकड्या गल्ल्या आधीच रुळलेल्या होत्या, त्यामुळे जाळीत एकमेकांना समांतर धावायला हवेत असे पश्चिम चौथा आणि पश्चिम दहावा हे रस्ते तिथे आजही एकमेकांना छेदतात. या आडवळणाच्या वस्तीत भाडी कमी होती, म्हणून कलावंत आले. १९१७च्या जानेवारीत मार्सेल द्युशाँ व जॉन स्लोन हे चित्रकार आणि त्यांचे सोबती रात्री व्हिलेजमधल्याच वॉशिंग्टन स्क्वेअर या चौकातल्या कमानीवर चढले आणि कंदील, फुगे, टिकल्यांची पिस्तुले अशा सरंजामासह त्यांनी तिथे स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले. पण त्याच दशकात जुनी घरे पाडत सातवा अ‍ॅव्हेन्यू दक्षिणेकडे वाढवण्यात आला, १९१८मध्ये त्याखालून भुयारी रेल्वे धावू लागली आणि कचेऱ्यांचा भाग हाकेच्या अंतरावर आला. भाडी चढली, कलावंत पांगू लागले आणि बिंग अँड बिंगसारख्या विकासकांनी एमरी रॉथसारखे वास्तुरचनाकार गाठून इथे उंच इमारती उठवल्या. जाहिरातीतली इमारत याच लाटेतली आहे. ती बांधली गेली पगारदार, सुस्थित भाडेकरूंसाठी. ज्या बदलाने कलावंतांना तिथे राहणे परवडेनासे केले, त्याच बदलाचे हे अपत्य त्यांचे नाव सांगून विकले जावे, हे मला मोठे गमतीचे वाटते.

पुढे १९६९मध्ये व्हिलेजला ऐतिहासिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. दर्शनी खिडकी बदलायलाही शहराच्या वारसा आयोगाची परवानगी लागू लागली. त्यामुळे वस्ती वाचली, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु नवे काही सहजी उभे राहत नाही म्हटल्यावर जुन्याचा भाव आकाशाला भिडणार, हेही उघडच होते.

त्यातून हे घर ‘को-ऑप’ आहे. म्हणजे विकत मिळतात ते इमारतीच्या कंपनीचे शेअर आणि त्यांच्या जोरावर घराचा दीर्घ भाडेकरार. भागदाखला आणि दरमहा मेंटेनन्स आपल्याकडच्या सहकारी सोसायट्यांमुळे मराठी माणसाला परके नाहीत, पण इथल्या कार्यकारिणीचा दरारा निराळाच. ती इच्छुकाची प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेतील शिल्लक आणि ओळखीच्यांची शिफारसपत्रे तपासते, मग मुलाखतीला बोलावते आणि एवढे करून नकार दिला तर त्याचे कारण सहसा सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये फ्रेंचच्या शिकवण्या करून खर्च भागवणारे द्युशाँ या मुलाखतीला बसले असते, तर मिळकतीचा रकाना कसाबसा भरून निघाला असता. मात्र आधीच्या वास्तव्यातील वर्तणुकीबद्दल विचारल्यावर कमानीवरची ती रात्र लपवणे त्यांना कठीण गेले असते.