हेरफर्डशायरची सायडर-ट्रिप: कुठे जायचं, काय प्यायचं आणि गाडी कोणी चालवायची

सुपरमार्केटमधला कॅन पिऊन सायडरबद्दल, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या दारूबद्दल, मत बनवलं असेल तर ते जरा बाजूला ठेवा. इकडे इंग्लंडमध्ये कायद्याने ३५ टक्के ज्यूस असला तरी त्याला सायडर म्हणता येतं, तो ज्यूसही कॉन्सन्ट्रेटचा चालतो, बाकी पाणी-साखर. मग ती गोडमिट्ट लागते आणि बर्फ घातल्याशिवाय घशाखाली उतरत नाही यात नवल ते काय. शेतावर, आख्ख्या सफरचंदाच्या रसाची, वर्षातून एकदाच केलेली सायडर हे प्रकरण वेगळं, आणि ते बघायचं तर पश्चिम इंग्लंडमधलं, वेल्सच्या सीमेलगतचं हेरफर्डशायर. सायडरचा दुसरा मोठा प्रांत म्हणजे सॉमरसेट, तिथले भांडतील, भांडू देत.

आम्ही गेलो मे महिन्याच्या पहिल्या बँक हॉलिडेच्या (सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीच्या) वीकेंडला. मी, बायको, रेडिंगचा एक मित्र आणि त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. आबा निफाडचे, आयुष्य द्राक्षबागेत गेलंय, वाईनरीला माल घातलाय पण वाईन स्वतः कधी मनापासून प्यायले नाहीत, त्यांचं आपलं संध्याकाळचं व्हिस्कीचं ठरलेलं. मित्र पीत नाही म्हणून ड्रायव्हर तोच, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला समजा: एक न पिणारा माणूस बरोबर घ्या. इथली सायडर ६-७ टक्क्यांची सहज असते, कधी ८ च्या वर, अर्ध्या पिंटाने काय होतंय असा हिशोब करून त्या अरुंद, दोन्ही बाजूंनी कुंपण असलेल्या रस्त्यांवर गाडी घालू नका. न पिणाऱ्याचे हाल होत नाहीत, बऱ्याच शेतांवर एकाच जातीच्या सफरचंदाचा ताजा ज्यूस मिळतो आणि तो पण भारी असतो. ट्रेनने यायचं तर लेडबरीला उतरा, लंडन पॅडिंग्टनहून हेरफर्डला जाणाऱ्या थेट गाड्या रेडिंग, ऑक्सफर्ड, वूस्टर करत लेडबरीला थांबतात, बर्मिंगहॅमहून तर अजून सोपं. पण गावं विखुरलेली आहेत, बस कमी, आणि टॅक्सी येण्याआधीच बुक केलेली हवी, परतीची सुद्धा. रात्री पबच्या दारात उभं राहून टॅक्सी शोधू असं मनात पण आणू नका.

राहायला लेडबरी मस्त. काळ्या-पांढऱ्या लाकडी घरांचं गाव, मधोमध खांबांवर उभं असलेलं जुनं मार्केट हाऊस, चालत सगळं होतं.

मेच्या सुरुवातीला जायचं कारण म्हणजे एक तर मोहर, आणि दुसरं म्हणजे मागच्या शरद ऋतूत गाळलेली सायडर तोवर पिण्यालायक झालेली असते. सफरचंदं ऑक्टोबर ते डिसेंबर दळतात, रस थंडीत हळूहळू आंबतो, बरेच छोटे लोक यीस्ट बाहेरून घालतच नाहीत, सालीवर आणि गिरणीत जे काही असेल त्याच्यावरच काम चालतं. वसंतात ऊब आली की आंबटपणा थोडा मवाळ होतो. ऑक्टोबरमध्ये गेलात तर दळण-गाळण बघायला मिळेल, मच मार्कलला सुगीचा कार्यक्रम पण असतो, पण चाखायला मे बरा असं माझं मत.

बागेत शिरल्या शिरल्या आबा थबकले. मोहरलेल्या जुन्या झाडावर फांदीफांदीला बांडगुळाचे हिरवे गोळे. "अरे, हे छाटत का नाहीत? झाड खाऊन टाकेल की." मित्राने ते बागवाल्याला इंग्रजीत सांगितलं तर तो हसायला लागला, म्हणाला छाटतो की, फार वाढलं तर झाड मरतंच, पण सगळं काढत नाही कारण ख्रिसमसच्या आधी त्याला पैसे येतात, इथून जवळच टेनबरी वेल्सला बांडगुळाचा लिलाव भरतो. आबांना हे पटेचना. बांडगुळाचा लिलाव! त्यानंतर दिवसभर दर थोड्या वेळाने ते आपलेआपणच म्हणत होते, लिलाव म्हणे. मग झाडाखाली बसून त्यांनी कलम कुठल्या खुंटावर आहे, मेंढ्या खाली चरायला सोडल्या तर साल खात नाहीत का, असे एवढे प्रश्न विचारले की बागवाल्याने त्याचा चहा आम्हाला पण दिला.

सायडरचं म्युझियम हेरफर्ड शहरात आहे, बल्मर्स या मोठ्या सायडर कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत. बल्मर्स १८८७ ला सुरू झाली, आता हायनेकेनकडे आहे. तळघरात शॅम्पेनसारख्या पद्धतीने बाटल्या फिरवायचे रॅक आहेत ते बघा, जुने कोरीव सायडरचे ग्लास बघा, तासाभरात होतं. मच मार्कलला वेस्टन्स ही सायडर कंपनी आहे, १८८० पासूनची, ओकच्या घराएवढ्या उंच टाक्या आहेत, टूर व्यवस्थित आहे, लहान मुलं बरोबर असतील तर तिकडे जा. मोठा कारखाना कसा चालतो ते कळतं. त्याच गावात चर्चच्या आवारात एक पोकळ खोडाचं प्राचीन यूचं (एक सदाहरित वृक्ष) झाड आहे, आत बाक टाकलाय, बसून फोटो काढा आणि पुढे चला.

आता मुख्य गोष्ट. टूरपेक्षा जास्त शिकायचं असेल तर एकाच जातीच्या सफरचंदाची सायडर मागा, एकामागून एक, छोट्या मापाने. आम्ही हे केलं पीटरस्टोच्या यू ट्री इनमध्ये, रॉस-ऑन-वाय सायडर अँड पेरी कंपनीचं पब आहे ते, आणि दुसऱ्या दिवशी पुटलीला, जिथे त्या वीकेंडला सायडर आणि पेरीची (पेरी म्हणजे नाशपातीची सायडर) स्पर्धा भरते. त्या स्पर्धेची गंमत अशी की परीक्षक म्हणजे बनवणारेच, एकमेकांच्या बाटल्या तेच जोखतात. त्यांचं झालं की मग आपल्याला चाखता येतं, हॉलमध्ये बाटल्यांच्या रांगा, ग्लास घेऊन फिरायचं आणि वहीत खुणा करायच्या. वही खरंच न्या, चौथ्या-पाचव्या ग्लासनंतर काही आठवत नाही.

थोडी थिअरी, म्हणजे पाटीवरचं वाचता येईल. ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रात १९०३ मध्ये सायडरच्या सफरचंदांचे चार गट पाडले, ते अजून चालतात: स्वीट, शार्प, बिटरस्वीट, बिटरशार्प. आम्ल ०.४५ टक्क्यांच्या वर तर शार्प, टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) ०.२ च्या वर तर बिटर. बस. पण पहिला घोट घेतल्यावर आपल्या जिभेला ते 'बिटर' म्हणजे कडू नाही तर तुरट लागतं, आणि इथे मराठी माणूस पुढे आहे, कारण तुरट आपण रोज खातो. डॅबिनेट घ्या आधी. बिटरस्वीट, मऊ, तुरटपणा गालाच्या आतल्या बाजूला बसतो, नवख्याला सगळ्यात सोपी. मग किंग्स्टन ब्लॅक, ही मुळातली सॉमरसेटची, बिटरशार्प, आंबट-तुरट दोन्ही एकटीच सांभाळते म्हणून मिसळायला दुसरी जात लागत नाही असं म्हणतात. शेवटी फॉक्सव्हेल्प, सतराव्या शतकापासून ठाऊक असलेली जात, वास घ्याल तर स्ट्रॉबेरी आणि तोंडात घ्याल तर डोळे मिटतात इतकी आंबट. आबांनी डॅबिनेटला मान हलवली, किंग्स्टन ब्लॅकचा घोट तोंडात फिरवला आणि म्हणाले, "सुपारी चावल्यावर जीभ होते तशी होतेय बघ." तिथून पुढे ते बारमागच्या बाईंना मित्राला मध्ये न घेता थेट मराठीतच विचारत होते, त्यांना काय कळलं माहीत नाही पण ग्लास बरोबर येत होते.

फार गार पिऊ नका. तळघराएवढी गार ठीक, बर्फ मागाल तर देतील पण वास मरतो. आधी ड्राय (गोडवा नसलेली), मग मीडियम, गोड शेवटी, मध्ये पाणी आणि साधा पाव. थुंकायला भांडं मागायला लाजू नका, बनवणारे पण थुंकतात.

वासाने दचकू नका. काही बिटरस्वीट सायडरना गोठ्याचा, घोड्याच्या तबेल्याचा वास असतो, इकडे जुन्या पद्धतीच्या सायडरमध्ये थोडा असला तर लोकांना आवडतो, मला पण आता आवडायला लागलाय, बायकोला अजिबात नाही. व्हिनेगरचा भपकारा आला तर मात्र ती बिघडलेली. आणि एक विचित्र दोष आहे ज्याला इथले लोक 'माउस' म्हणतात. नाकाला कळत नाही, घोट गिळल्यावर काही सेकंदांनी मागून उंदराच्या पिंजऱ्याची चव येते. काहींना येते, काहींना येतच नाही. शंका आली तर दोन थेंब हाताच्या पाठीवर चोळून वास घ्या, कळतं. ही युक्ती पुटलीला एका म्हाताऱ्या सायडरवाल्याने दाखवली, आणि ज्या बाटलीवर दाखवली ती त्याच्या शेजाऱ्याची होती, तेव्हा त्याचा आवाज जरा जास्तच मोठा झाला होता.

आता पेरी, म्हणजे नाशपातीची. ती चुकवू नका, माझ्या मते ह्या भागाचं खरं सोनं हेच. पेरीची नाशपाती छोटी, कडक, खायच्या लायकीची नाही, झाडं दोन-तीनशे वर्षं जगतात, मे हिल नावाची टेकडी जिथून दिसते तिथेच चांगली पेरी होते अशी इथली समजूत. ब्लेकनी रेड, थॉर्न, मूरक्रॉफ्ट ही नावं पाटीवर शोधा. मच मार्कलच्या हेलन्स मॅनरला १७१० च्या सुमारास लावलेल्या पेरीच्या झाडांची रांग आहे, त्यातली काही अजून उभी आहेत. आणि ऑकल पिचर्डचे टॉम ऑलिव्हर, जे सायडर-पेरीसाठी जगभर ओळखले जातात आणि प्रोक्लेमर्स बँडच्या दौऱ्यांचं काम पण करतात, त्यांची बाटली दिसली तर उचला. पण एक सावधगिरी: नाशपातीत सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा घटक असतो, तो आंबत नाही, म्हणून ड्राय पेरीत पण किंचित गोडवा राहतो आणि जास्त झाली की पोट साफ होतं. लांबच्या ड्राइव्हच्या आदल्या रात्री बेतानेच.

खायचं काय? शाकाहाऱ्यांना प्लाउमन्स, म्हणजे पाव, चीज, लोणचं, मागताना हॅम नको हे आधीच सांगा. पबची किचनं दुपारी बंद होतात, तीन वाजता भूक लागली तर काही मिळत नाही, गाडीत चिवडा असू द्या. आमचा होता, पुटलीच्या पार्किंगमध्ये फस्त झाला. छोटे उत्पादक रोज उघडे नसतात, आधी ईमेल किंवा फोन करूनच जा, आणि चाखून काही न घेता निघू नका, त्यांचा धंदा तेवढ्यावरच आहे.

घरी न्यायला खोक्यातली पिशवी परवडते, तीन किंवा पाच लिटरची, उघडली तरी काही आठवडे टिकते. बाटलीतच फेसाळलेली असेल तर उभी ठेवा, गार करा, सिंकवर उघडा, तळाचा गाळ ओतू नका. भारतात नेणार असाल तर ड्यूटीशिवाय माणशी दोन लिटरच चालतात, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि वर थोडी जागा, कपड्यात गुंडाळून चेक-इन बॅगेत. आबांनी थॉर्नच्या दोन पेरी घेतल्या आणि मुलाला सांगितलं की या वेळी ड्यूटी फ्रीची व्हिस्की तू तुझ्या कोट्यात आण.