इनडोअर, आउटडोअर आणि अडकलेली फाइल

आमच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, ऑफिसात नव्या कॉलेजाला सदस्यत्वासाठी अजून तोच जुना फॉर्म देतात, हे गेल्या आठवड्यात कळलं आणि माझं डोकं पुन्हा तापलं. अमेरिकेत छोट्या कॉलेजांत शिकवणारे बरेच मराठी लोक आहेत. उद्या त्यांच्यापैकी कुणाच्या गळ्यात नवं कॉलेज गटात घ्यायची समिती पडली, तर आमचे गेले तसे त्यांचे पाच आठवडे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

मी मध्य-पश्चिमेतल्या एका खासगी कॉलेजात गणित शिकवते. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना. तिच्या प्रत्येक सदस्य कॉलेजाला एक प्राध्यापक नेमावा लागतो. खेळाडूंच्या अभ्यासाचं बघणं हे त्याचं काम. पदाचं नाव फॅकल्टी अ‍ॅथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्ह, बोलताना सगळे एफएआर म्हणतात. चार वर्षं ते माझ्याकडे आहे. सांगलीला कॉलेजात असताना मी खो-खो खेळायचे. तेव्हा आपला विभाग कोणता, हे कॉलेज कुठे आहे त्यावरून आधीच ठरलेलं असायचं. इथे कॉलेजं आपली सोबत स्वतः निवडतात, सोडतात, नव्याने जोडतात. 2024 मध्ये पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचं स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेलं आणि नावात दहा असलेल्या बिग टेनमध्ये अठरा विद्यापीठं झाली. त्यामागे टीव्हीचा पैसा होता. आम्ही डिव्हिजन थ्रीवाले, म्हणजे एनसीएएच्या तीन पातळ्यांपैकी तिसरीतले. आमच्याकडे खेळासाठी स्कॉलरशिप नसते आणि टीव्हीचा पैसाही नसतो. आम्ही बसचं अंतर बघतो.

आमच्या दहांपैकी एक कॉलेज बंद पडलं आणि आम्ही नऊ राहिलो. हा आकडा वेळापत्रकाला फार छळतो. विषम संख्या असली की प्रत्येक फेरीत एक संघ रिकामा बसतो. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं म्हटलं तर नऊ संघांत प्रत्येकाचे सोळा सामने होतात, पण त्याला तारखा अठरा लागतात. दहा संघ असले की त्याच अठरा तारखांत अठरा सामने बसतात. बास्केटबॉलला आमच्या डिव्हिजनमध्ये हंगामाला पंचवीसच सामने खेळता येतात, त्यामुळे रिकाम्या तारखेला बाहेरचा प्रतिस्पर्धी शोधत फिरावं लागतं. हे मी पहिल्या बैठकीत फळ्यावर मांडलं आणि मला दहावं कॉलेज निवडायच्या समितीत घेतलं.

अर्ज तीन आले. पहिलं कॉलेज चाळीस मैलांवर होतं, पण तिथे विद्यार्थी दरवर्षी कमी होत होते आणि पुन्हा एक कॉलेज गमावायची आमची तयारी नव्हती. दुसरं एकशेदहा मैलांवर. तिसरं दोनशे तीस मैलांवर, श्रीमंत, नवं कोरं मैदान, भेटीला गेलो तेव्हा जेवणही उत्तम. समितीतले निम्मे लोक तिथेच विरघळले होते.

मी एका कागदावर बुधवारच्या रात्रीच्या सामन्याचा हिशोब लिहिला. दीडला बस सुटणार, म्हणजे दुपारची प्रयोगशाळा बुडाली. सात वाजता सामना, नऊला संपणार, जेवून परत यायला रात्रीचे दोन. इथे प्रवासी बसच्या ड्रायव्हरला दहा तासांच्या वर गाडी चालवता येत नाही. रस्त्यात बर्फ लागला तर ती मर्यादाही जवळ येते आणि मग मुलांना मोटेलवर ठेवावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझा कॅल्क्युलसचा वर्ग. मी त्या डोळ्यांकडे बघून शिकवलेलं आहे. हा कागद फिरला आणि एकशेदहा मैलांचं कॉलेज पुढे आलं. त्याचा मला अजून अभिमान आहे.

भेटीचं थोडक्यात सांगते, कारण ती सुरळीत झाली. प्रशिक्षकांना बाहेर पाठवून खेळाडूंशी बोला. किती अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती बघणारे) आहेत ते विचारा. दुखापत झालेल्या मुलीला किती वेळ थांबावं लागतं, त्यावरून कॉलेज कळतं, जिमच्या चकचकीत फरशीवरून कळत नाही.

आता त्या फॉर्मचं.

आमच्या नियमांत महिलांचे किमान आठ खेळ हवेत. एनसीएएची स्वतःची अट सौम्य आहे. हजाराच्या वर विद्यार्थी असतील तर मुलांचे सहा आणि मुलींचे सहा खेळ पुरतात. आमची जास्त आहे आणि ती असावी असंच माझं मत आहे. या कॉलेजात मुलींचे व्हॉलीबॉल, सॉकर, क्रॉस-कंट्री, बास्केटबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस, इनडोअर ट्रॅक (छताखालच्या धावण्या-उड्या-फेकीच्या स्पर्धा) आणि आउटडोअर ट्रॅक (तशाच, पण मोकळ्या मैदानावर) असे बरोबर आठ खेळ. पण आमच्या फॉर्ममध्ये ‘ट्रॅक अँड फील्ड’ ही एकच ओळ, तिच्यापुढे एकच चौकोन, आणि खाली बेरीज आपोआप होते. बेरीज आली सात. फाइल ‘अपात्र’ असा शेरा मारून परत.

त्यांच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे खेळ विभागाच्या प्रमुख बाईंनी शेजारी टीप लिहून फाइल पुन्हा पाठवली. ती ‘अपूर्ण’ म्हणून परत आली, कारण समासात लिहिलेलं ग्राह्य धरत नाहीत. मग त्यांनी वेगळं पत्र जोडलं. त्यावर उत्तर आलं की हा नियमाच्या अर्थाचा प्रश्न आहे, नियम उपसमितीकडे जाईल. ती उपसमिती महिन्यातून एकदा बसते आणि त्या महिन्याची बैठक चार दिवसांपूर्वीच झाली होती.

इकडे त्या कॉलेजाची अडचण वेगळीच. जुनी कॉन्फरन्स सोडायची तर ठरलेल्या तारखेआधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर बाहेर पडण्याची रक्कम वाढते. आमचा होकार हातात नसताना त्यांनी कळवायचं कसं? आणि नाही कळवलं तर आमचा होकार येऊन उपयोग काय? त्या बाई मला दर दोन दिवसांनी फोन करायच्या. आवाज शांत ठेवायच्या, पण तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या की आमचे अध्यक्ष आता दुसरीकडे चौकशी करायला सांगताहेत. त्या रात्री मला झोप आली नाही. सात महिन्यांचं काम, तीन भेटी, दोन विश्वस्त मंडळं, आणि सगळं अडलं होतं एका चौकोनावर.

मी ऑफिसात फोन केले. फोन घेणारी व्यक्ती सभ्य होती, पण दर वेळी तेच ऐकायला मिळालं: फॉर्ममध्ये जे आहे तेच मोजता येतं. मी विचारलं, फॉर्म कुणी बनवला? माहीत नाही. बदलायचा अधिकार कुणाला? उपसमितीला. एनसीएए इनडोअरची राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये घेते आणि आउटडोअरची मे महिन्यात, हे दोन वेगळे खेळ म्हणूनच मोजले जातात, हे सांगितलं तर म्हणाले, लेखी द्या. दिलं. पोच आली, उत्तर आलं नाही.

चौथा आठवडा संपताना मला सुचलं ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मी आमच्याच कॉन्फरन्सच्या मागच्या तीन वर्षांच्या विजेत्यांच्या याद्या काढल्या. महिला इनडोअर ट्रॅक, एक चषक. महिला आउटडोअर ट्रॅक, दुसरा चषक. देणारं ऑफिस तेच, सही कमिशनरांचीच, म्हणजे कॉन्फरन्सच्या प्रमुखांची. तिन्ही याद्या एका पानावर लावल्या आणि खाली एकच वाक्य लिहिलं: ‘आपण ज्यासाठी दोन चषक देतो, तो फॉर्ममध्ये एक खेळ कसा?’ हे पान उपसमितीला न पाठवता थेट कमिशनरांना पाठवलं आणि समितीतल्या दोन्ही कॉलेज अध्यक्षांना त्याची प्रत.

पाचव्या आठवड्याच्या मंगळवारी कमिशनरांचा फोन आला. अकरा मिनिटं बोललो. संध्याकाळी फाइल ‘पात्र’ झाली. कॉलेजाने जुन्या कॉन्फरन्सला मुदतीच्या सहा दिवस आधी कळवलं. मी खुर्चीत बसले आणि सांगलीला आईला फोन लावला. तिला यातलं काही कळलं नाही, पण मी जिंकलेय एवढं तिने आवाजावरून ओळखलं.

मतदान मग पटकन झालं. नऊ अध्यक्षांपैकी तीन चतुर्थांश म्हणजे सात मतं लागत होती, आठ पडली.

हे लिहिताना आठवलं ते सांगून टाकते. अर्जदाराचा खर्च आणि खेळाडूंची संख्या त्यांनाच विचारत बसू नका. केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक सहशिक्षण कॉलेजाला दरवर्षी 15 ऑक्टोबरपर्यंत खेळांचा अहवाल जाहीर करावा लागतो. मुलामुलींची संख्या, प्रशिक्षकांचे पगार, खर्च, सगळं शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. आम्ही ते उशिरा उघडलं. आधी उघडलं असतं तर चाळीस मैलांच्या कॉलेजावर दोन बैठका खर्च झाल्या नसत्या. आणि ऑफिसशी फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेवा. माझ्याकडे पहिल्या तीन फोनांचा काहीच पुरावा नव्हता. फॉर्म अर्जदाराला देण्याआधी स्वतः एकदा आपल्याच कॉलेजाचा म्हणून भरून बघा. आमचा मी नंतर भरला. त्या मोजणीने आमचेही महिलांचे खेळ सातच भरले.

नव्या कॉलेजात आमच्या व्हॉलीबॉलचा पहिला बुधवार झाला तेव्हा बस रात्री सव्वाअकराला परत आली. सकाळी आठच्या वर्गात संघातल्या चारही मुली हजर होत्या, त्यातली एक पहिल्या बाकावर.

आता आणखी एका कॉलेजाने चौकशी केली आहे आणि त्यांना तोच एका ओळीचा फॉर्म गेला आहे. मी कळल्या दिवशीच त्यांच्या डायरेक्टरना फोन केला. चौकोनात खूण करा आणि सोबत तीन वर्षांच्या याद्यांचं हे पान लावा, असं सांगून ते पान पाठवून दिलं. फॉर्ममध्ये दोन ओळी कराव्यात असा माझा लेखी प्रस्ताव उपसमितीकडे आहे. पुढची बैठक महिन्याच्या शेवटी आहे आणि मी तिथे जाऊन बसणार आहे.