टोक खाली असलेला त्रिकोण

लंडनमधल्या एका छोट्या नाट्यगृहात ‘बेंट’चे प्रयोग चालू असताना कपडेपट माझ्याकडे होता. मार्टिन शर्मन यांचे हे नाटक १९७९ साली याच शहरात प्रथम झाले. त्याचा नायक मॅक्स आपण समलिंगी असल्याचे लपवून नाझींच्या डाखाऊ छळछावणीत ज्यूंचा पिवळा तारा मिळवतो, आणि अखेरीस मारल्या गेलेल्या होर्स्टचा, त्याच्या प्रियकराचा, समलिंगी कैद्यांची खूण असलेल्या गुलाबी त्रिकोणाचा कोट अंगावर चढवून विजेच्या कुंपणाला जाऊन भिडतो. सारा शेवट त्या कोटावर तोललेला आहे. दिग्दर्शकाचे लक्ष मात्र कायम कैद्यांनी वाहायच्या दगडांच्या वजनाकडे.

होर्स्ट झालेला नट दगड वाहून घामाने निथळत असे, म्हणून कोट रोज धुवावा लागे. गुलाबी रंग करड्या पट्ट्यांवर उतरू नये यासाठी त्रिकोण आधी उसवायचा आणि वाळल्यावर धावदोऱ्याने पुन्हा टाचायचा. कोरे गुलाबी कापड दिव्यांखाली खेळण्यासारखे दिसते, म्हणून मी ते चहाच्या पाण्यात बुडवून मळवले होते.

त्या शनिवारी दोन प्रयोग होते आणि मधल्या वेळेतले टाचणे मदतनीस मुलीने केले. आगगाडीच्या प्रसंगातल्या अंधुक उजेडात माझ्या नजरेतून सुटले. दुसऱ्या अंकात विंगेतून पाहिले तेव्हा पोटात गोळा आला. टोक वर होते. छावण्यांत ते खाली असे. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या एड्सविषयक चळवळीने तोच त्रिकोण उलटवून आपली खूण केली, आणि या मुलीने जन्मभर तोच पाहिलेला. टोकाबद्दल मी तिला एक शब्द सांगितला नव्हता.

आमच्या प्रयोगात मॅक्स आणि होर्स्ट दोघे प्रसंगांमधल्या अंधारातही मंचावरच थांबत, त्यामुळे दुरुस्तीला वाव नव्हता. सावधान स्थितीत उभे राहून, एकमेकांना स्पर्शही न करता ते केवळ शब्दांनी प्रेम करतात, तो प्रसंग मी एरवी श्वास रोखून ऐकते. त्या दिवशी मला टोकाशिवाय काही दिसेना.

“कुणाच्या लक्षातही आले नसेल,” असे दिग्दर्शक म्हणाला. त्याच्या स्वतःच्या कुठे आले होते?

बाहेर मात्र एका वयस्क प्रेक्षकाने मला थांबवले. टोक वर असलेला बिल्ला आपण तरुणपणी मोर्च्यांत लावत होतो, आणि मॅक्सने मरताना आमचा त्रिकोण घातला ही कल्पना फार आवडली, असे ते म्हणाले. खरे तर डाखाऊतून जिवंत सुटलेल्यांनाही समलिंगी पुरुषांना गुन्हेगार ठरवणाऱ्या जर्मन कायद्याच्या कलम १७५ खाली पुन्हा तुरुंगात टाकता येत होते, आणि ते कलम पूर्णपणे रद्द व्हायला १९९४ साल उजाडले. मॅक्सच्या मागे कुठलाच मोर्चा नव्हता. हे सारे माझ्या ओठांवर आले होते. मी फक्त आभार मानले, आत जाऊन टाके उसवले आणि टोक खाली केले.