पिनीतलं तूस

सोलापुरात कुणाचा फोन चार्ज होईना झाला की माझा पहिला संशय बॅटरीवर नसतो, चार्जरवर पण नसतो, कापसावर असतो. हसू नका. आमच्या नात्यातले एक मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, दिवसभर लूमसमोर उभे, आणि फोन शर्टाच्या वरच्या खिशात उलटा, म्हणजे चार्जिंगच्या पिनीचं तोंड वर. वर काय उडत असतं तर तूस, म्हणजे कापसाचे बारीक तंतू. मामांच्या भुवयांवर दिसतं ते फोनमध्ये जाणार नाही का? त्यांचा फोन चार्ज होईना झाला तेव्हा दुकानवाल्यानं वरवर बघून सांगितलं की सीसी बोर्ड (चार्जिंगची पिन असते तो आतला छोटा बोर्ड) बदलावा लागंल, खर्च पण सांगितला, मामा "उद्या येतो" म्हणून घरी आले ते आलेच.

मग रात्री जेवणं झाल्यावर दुसऱ्या फोनचा टॉर्च मारून आत बघितलं. फोन आधी बंद केला, दात कोरायची लाकडी काडी घेतली, तिचं टोक ब्लेडनं अजून पातळ केलं आणि कडेकडेनं हळूच खरवडलं. निघालं काय तर करड्या रंगाचा एक चपटा तुकडा, दाबून दाबून पुठ्ठ्यासारखा झालेला, आणि त्यात एक गुलाबी धागा. बहुतेक त्या आठवड्यात गुलाबी टॉवेलची ऑर्डर चालू असणार. वायर लावली, टक् झालं, हिरवी बॅटरी आली. मामी म्हणाल्या, "एवढ्यासाठी दुकानात घेऊन गेलतं होय!"

गंमत अशी की तूस आपलं आपण तळाशी जाऊन बसत नाही, आपणच रोज वायर खुपसून ते ठासत असतो. टाईप सीच्या भोकात मधोमध एक पातळ पट्टी असते, तिच्यावर वर १२ आणि खाली १२ असे २४ बारीक पॉइंट, आणि वायरचं टोक त्या पट्टीला वेढून पूर्ण आत बसलं तरच काम होतं. मागं तूस साठलं की टोक जरासं बाहेर राहतं, टक् आवाज येत नाही, वायर हलली की चार्जिंग जातं. मग लोक वायर एका ठराविक अँगलला वाकवून तिच्यावर शेंगाचटणीची बरणी ठेवतात आणि सगळ्या घराला ताकीद देतात की कुणी हात लावायचा नाही. बरणीनं दोन दिवस चालतंय, आणि तेवढ्यात ती पट्टी खरंच ढिली होते, मग मात्र सीसी बोर्डच. साफ करताना सुई, टाचणी, केसातली पिन असलं लोखंडी काही आत घालायचं नाही, शॉर्ट झालं किंवा पट्टी मोडली तर विषयच संपला. तोंडानं फुंकर पण नको, थुंकी उडते.

दुसरा संशय उन्हावर. अ‍ॅपलवाले आपल्या फोनबद्दल लिहितात की भोवतालचं तापमान ० ते ३५ डिग्री असेल तिथं वापरा. हे वाक्य सोलापुरात मार्च लागला की बाद. मे महिन्यात पारा ४२-४३ ला, वर पत्रे, आणि पोरगं फोन चार्जिंगला लावून गेम खेळायलंय. लिथियमची बॅटरी साधारण ४५ डिग्रीच्या वर गेली की तिला चार्ज करणं तिच्याच जिवावर येतं, म्हणून फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो नाहीतर थांबवतो. कधी कधी ८० टक्क्यांवर अडकून बसतो ते पण यामुळंच, किंवा बॅटरी टिकावी म्हणून सेटिंगच तसं असतं. फोन शहाणा आहे, बिघडलेला नाही. कव्हर काढायचं, गार फरशीवर ठेवायचा, गेम बंद. फ्रिजमध्ये मात्र ठेवायचा नाही, आत पाणी धरतं. आणि रात्री चार्जिंगला लावून चादरीखाली उशाशी घेऊन झोपणारे तर वेगळेच. आपली सोलापुरी चादर जीआयवाली (म्हणजे गावाच्या नावाची सरकारी ओळख मिळालेली), जाडजूड, ऊब धरून ठेवणारी, तीच ऊब फोनला नको असते.

टॅबची तऱ्हा अजून वेगळी. आमच्या बहिणीचा टॅब "चार्जिंगला लावून पण उतरतोय" म्हणून घरात वाद चालला होता. टॅबला १० वॉट तरी पाहिजे, आणि लावलेला होता कपाटातल्या कुठल्यातरी जुन्या फोनचा ५ वॉटचा बारका चार्जर, वर कार्टून फुल ब्राइटनेसला. येणारं कमी, जाणारं जास्त, आमच्या नळासारखंच की. स्क्रीन बंद करून ठेवला तर हळूहळू भरतोच. आणि जो टॅब महिनोनमहिने कपाटात पडून पार उतरलाय तो वायर लावल्या लावल्या काहीच दाखवत नाही, काळाच राहतो, लोक तिथंच मेला म्हणून सोडून देतात. अर्धा तास लावून ठेवा, नाहीच झालं तर पॉवर आणि आवाज कमीचं बटण धरून ठेवा दहा-पंधरा सेकंद, बऱ्याच मशिनी तेवढ्यावर उठतात.

वायरींबद्दल तर बोलायलाच नको. पूर्वी प्रत्येकाची पिन वेगळी, त्यामुळं ज्याचा चार्जर त्याचाच राहायचा. आता २०२३ च्या आयफोन १५ पासून तेही टाईप सीवर आले, घरात सगळ्यांची पिन एक झाली आणि चांगली वायर कुणाची यावरून भांडणं सुरू झाली. जो लवकर उठतो त्याला चांगली, उशिरा उठणाऱ्याला सत्तर रुपयांची. त्या स्वस्तातल्या वायरीत तांबं जेमतेम, फास्ट चार्जर लावला तरी फोन आपला निवांत. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची: आधी बोर्डावरचा पॉइंट (आमच्या हॉलमधला ढिला पॉइंट कित्येक चार्जरांना बदनाम करून बसलाय), मग वायर, मग अडॅप्टर. सगळं एकदम बदललं की चालू होतं, पण दोषी कोण ते कळत नाही, आणि ती खराब वायर परत ड्रॉवरमध्ये जाते, घरातच राहते.

पाण्याचं पण सांगतो. आमच्याकडं नळाला पाणी दिवसांआड येतं, ते पण अवेळी, मग पहाटे बॅरल भरताना टॉर्च म्हणून फोन हातात. पिनीत दोन थेंब गेले की फोन ओलावा आहे म्हणून सांगतो आणि चार्जिंग घेत नाही. तोंड खाली करून हातावर हलकं आपटायचं, पंख्याखाली ठेवायचं, वाळेपर्यंत वायर लावायची नाही. तांदळाच्या डब्यात पुरू नका, बारीक कण पिनीत जातात, अ‍ॅपलनं पण तसंच सांगितलंय. आमच्या आत्यानं ज्वारीत ठेवलेला, मालदांडीच्या. फोन वाळला असता तसाच, पण त्याच्या पिनीतून नंतर मी कण्या काढल्या.

एवढं करून नाहीच झालं तर नव्या पेठेत दुकानांची काही कमी नाही. फोनची पाठ फुगलेली दिसली तर मात्र घरी काहीच प्रयोग करायचे नाहीत, चार्जिंगलाही लावायचा नाही, सरळ दुकान. आणि जाताना वायर आणि अडॅप्टर दोन्ही घेऊन जा, नाहीतर तो पहिला प्रश्न विचारणार, "चार्जर आणलाय का?", आणि त्या उन्हात परत घरी यावं लागंल.